मोजणीदाराचा बारा इंची सबवूफर

"ही हकिकत खरी आहे, आणि म्हणूनच तिच्यावर कोणी विश्वास ठेवत नाही," काका म्हणाले. "खोटी असती तर लोकांनी केव्हाच माना डोलावल्या असत्या. माझा सख्खा भाऊ अर्ध्यावर उठून चपला शोधायला लागला होता. तुम्हीही लागाल."

चष्मेवाल्या बाई काही उठल्या नाहीत. चारच दिवसांपूर्वी त्या वरच्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. कोपऱ्यावरचं चष्म्यांचं दुकान त्यांचं. त्यांच्या घरात हॉल, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर मिळून एकच एक प्रशस्त खोली होती, आणि तिच्यासाठी सबवूफर, म्हणजे गाण्याचा खालचा आवाज काढणारा स्पीकर, कोणता घ्यावा एवढंच विचारायला त्या खाली उतरल्या होत्या. विचारून झालं अर्ध्या मिनिटात. उत्तर सुरू होण्याआधी काकांनी त्यांना चांगली खुर्ची दिली, पंखा त्यांच्या दिशेला वळवला आणि स्वतः एक स्टूल ओढून स्वयंपाकघराच्या भिंतीला पाठ टेकून बसले.

"माझा एक मित्र आहे. आम्ही सगळे त्याला मोजणीदार म्हणतो. आधी त्याचं ऐका, मग काय घ्यायचं ते घ्या."

तर, मोजणीदाराने चौतीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या. दोन भाऊ एकमेकांवर कुदळ उगारून उभे असावेत, मोजणीदाराने मध्ये जाऊन खुंटी ठोकावी, आणि दोघांनी कुदळी खाली ठेवाव्यात, असा त्याचा दबदबा. चौतीस वर्षांत त्याने आखलेली एकही हद्द फेरमोजणीत बोटभर हललेली नव्हती. हे तो स्वतः सांगत नसे. फक्त कोणी घरी आलं की सांगत असे.

निवृत्त झाल्याच्या आठव्या दिवशी मोजायला काही उरलं नाही म्हणून त्याने घर मोजलं. त्यात त्याला असं आढळलं की हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधली भिंत साडेचार इंच जाड असून तिचा कोणालाही काडीचा उपयोग नाही.

"ही भिंत करते काय?" त्याने बायकोला विचारलं.

"उभी असते," बायको म्हणाली. "तुम्ही काय करता?"

या प्रश्नाला उत्तर म्हणून त्याने भिंत पाडली. म्हणजे गवंड्याकडून पाडून घेतली. गवंड्याने मात्र शाबूत विटा एकेक करून वेगळ्या काढल्या, खाली गाड्यांच्या शेजारी व्यवस्थित रचल्या आणि त्यांच्यावर प्लॅस्टिक पांघरलं.

"फेकून द्या की त्या," मोजणीदार म्हणाला.

"असू द्यात, साहेब," गवंडी म्हणाला. "लोक तीन महिन्यांत परत बोलावतात."

मोजणीदार हसला. दार बंद झाल्यावर हसला, पण हसला.

धूळ बसली, फरशी पुसून झाली, आणि पहिल्या संध्याकाळी तो त्या मैदानाच्या एका टोकाला सोफ्यावर बसला, पाय पसरले आणि गाणं लावलं. त्याच्याकडे दोन उंच, किडकिडीत स्पीकर होते. जुन्या हॉलमध्ये ते इतके छान वाजत की डोळे मिटले तर गवई टीपॉयवर बसलाय असं वाटावं. आता गवई आला, पण अर्धाच आला. गळ्याचा वरचा भाग ऐकू येत होता, तारांची किणकिण येत होती; खालचा जो भरदार, पोटात उतरणारा आवाज, तो जेवणाच्या टेबलाच्या अलीकडेच कुठेतरी जमिनीत मुरत होता. शेजारच्या गल्लीत कोणाचा तरी आतेभाऊ गुणगुणतोय, अशी एकंदर परिस्थिती.

"वा!" बायको सिंकपाशी उभी राहून म्हणाली. "भिंत पाडून झालं काय, तर माझी खरकटी भांडी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला लागली, आणि तुमचं गाणं तुम्हालाच ऐकू येईनासं झालं. दोघांचंही भलं केलंत."

"खोली मोठी झाली की असं होतं. एक सबवूफर आणला की—"

"आणि मी मिक्सर लावला की तुम्ही तिथून डोळे वटारता. माझ्या स्वयंपाकघरात मला डोळे वटारून घ्यायची सवय नाही."

मग तिने अट घातली. पुढच्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी तिचा धाकटा भाऊ जेवायला येणार होता. त्या दिवशी मोजणीदाराने सोफ्यावर बसायचं आणि तिने सिंकपाशी उभं राहायचं. गाण्याचा खालचा आवाज दोन्हीकडे सारखा पोचला, तर ती जन्मात पुन्हा भिंतीचं नाव काढणार नाही. नाही पोचला, तर सोमवारी सकाळी गवंडी.

"आणि पोचला की नाही हे ठरवणार कोण?"

"माझा भाऊ."

"तो तुझा भाऊ आहे!"

"मग काय तुमचा ठरवणार? तो अर्ध्यावर उठून चपला शोधतो."

(इथे काका क्षणभर थांबले. चष्मेवाल्या बाईंनी भुवई किंचित वर केली. "मोजणीदाराच्या भावालाही ती खोड आहे," काका म्हणाले, आणि पुढे गेले.)

मोजणीदाराला अट मान्य करावी लागली. भिंतीचं त्याला एवढं काही नव्हतं. पण ती परत उभी राहिली असती तर चौतीस वर्षांत फेरमोजणीत हललेली ती पहिली हद्द ठरली असती, आणि तीही त्याच्या राहत्या घरात. शिवाय मेहुणा. मेहुणा होता विमा कंपनीत, पण आवाजातलं त्याला सगळं कळत असे. तसं त्याला सगळ्यातलंच सगळं कळत असे. भिंत पाडल्याची बातमी कळल्यावर त्याने फोनवर एवढंच विचारलं होतं, "भावोजी, मोकळ्यावर गाणं ऐकायचं तर सरळ बागेत जाऊन बसायचं ना. भिंतीचा जीव कशाला घेतलात?"

दुसऱ्याच दिवशी मोजणीदार दुकानात गेला. दुकानदार पाठमोरा उभा राहून वायरी गुंडाळत होता. मागे न बघताच त्याने विचारलं, "खोली केवढी?"

निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणीतरी मोजणीदाराला त्याच्या विषयातला प्रश्न विचारत होतं. त्याने पिशवीतून नकाशा काढला, काउंटरवर पसरला, चार कोपऱ्यांवर दुकानदाराचेच चार रिमोट कंट्रोल ठेवले आणि सांगायला लागला. लांबी एकतीस फूट, रुंदी एकोणीस, उंची साडेनऊ. एकूण पाच हजार पाचशे साडेपंच्याण्णव घनफूट, त्यातून दोन खांब आणि फ्रीज वजा. दुकानदाराने वायर खाली ठेवली. लोक सहसा "मोठी आहे हो" एवढंच सांगत.

"फ्रीज वजा नाही केलात तरी चालेल," तो म्हणाला. "हे बघा, साहेब. एवढ्या हवेला हलवायचं म्हणजे आठ इंची पडद्याचा बुडून जाईल. दहा इंची हलवेल, पण त्याला धाप लागेल. तुम्हाला बारा इंचीच पाहिजे. आता राहिला प्रश्न पेटीचा. बंद पेटी की भोकाची?"

बंद पेटीचा सबवूफर, त्याने समजावलं, मोजकं बोलतो; ठोका पडला की लगेच गप्प. भोक असलेली पेटी आतली हवाही कामाला लावते, त्यामुळे आवाज भरघोस आणि लांबवर. पण पेटी अंगाने मोठी, आणि बसवायला चुकलात तर घुमत राहते. लहान खोलीला बंद, मैदानाला भोकाची. मोजणीदाराने दोन्ही वाजवून बघितल्या. दुकानातली ऐकायची खोली होती नऊ बाय अकरा. तिथे टेबलाचा खण ओढला असता तरी भरदार वाजला असता. त्यामुळे निर्णय काही होईना, आणि मोजणीदार दोन्ही पेट्यांची मापं घेऊन घरी आला.

ही त्याची चूक. कारण माप घेतल्याचं समोरच्या दातांच्या डॉक्टरांना कळलं.

"बंदच घ्या," दातांचे डॉक्टर जिन्यातच म्हणाले. "भोक म्हटलं की त्यात काहीतरी अडकणार, आणि मग ते सडणार. मी चोवीस वर्षं दुसरं काही बघितलेलं नाही."

खालच्या मजल्यावर एक निवृत्त मुख्याध्यापिका राहत होत्या. त्यांच्याकडे काचेच्या भांड्यांचं एक कपाट होतं, आणि त्या कपाटाकडे त्या पूर्वी सातवीच्या वर्गाकडे बघत तशा बघत असत. त्यांनी मोजणीदाराला बोलावून घेतलं, बसायला न सांगता उभं ठेवलं आणि विचारलं, "माझी भांडी हलणार आहेत का? हो की नाही, एका शब्दात."

"ते पेटीवर अवलंबून—"

"एका शब्दात."

"नाही."

"लेखी द्या."

मेहुण्याने तर फोनवरच निकाल लावला. "दोन घ्या, भावोजी. दोन लहान, समोरासमोर. एक तर कोणीही घेतं."

यात दुःखाची गोष्ट अशी, की मेहुण्याचं बरोबर होतं. दुकानदारही म्हणाला, दोन ठेवले तर मोठ्या खोलीत आवाज सगळीकडे सारखा पोचतो. पण मेहुण्याचा सल्ला ऐकून मेहुण्यासमोर परीक्षा देणं मोजणीदाराच्या रक्तात नव्हतं. त्याने बारा इंची, भोकाची, एकच पेटी घेतली. बाई, तुम्ही दोनच घ्या. तो मेहुणा तुमचा नाही.

(या वेळी भिंतीपलीकडून धुम्म, धुम्म असा बारीक आवाज यायला लागला. बाईंनी मान वळवली. "पंप आहे," काका म्हणाले. "पाण्याचा. तिकडे लक्ष देऊ नका.")

पेटी आली ती लहान फ्रीजएवढी. पोचवणाऱ्या दोघांनी ती फाटकातच टेकवली, कारण फाटकावरच्या पहारेकऱ्याने नियम दाखवला. या इमारतीत 'कंप निर्माण करणारे कोणतेही यंत्र' समितीच्या परवानगीशिवाय वर न्यायचं नाही. परवानगी सेक्रेटरी देणार, आणि सेक्रेटरी फॉर्मशिवाय बोलत नसे. तो स्वभावाने वाईट नव्हता. फॉर्मच्या बाहेरचं जग त्याने फारसं पाहिलेलं नव्हतं, इतकंच.

फॉर्मवर चार चौकोन होते. पाण्याचा पंप, वाद्य, व्यायामाचं यंत्र, इतर.

"इतर," मोजणीदार म्हणाला.

"इतर सर्वसाधारण सभेपुढे जातं. सभा वर्षातून एकदा. या वर्षीची गेल्या आठवड्यात झाली."

"मग वाद्य लिहा."

"वाजवणाऱ्याचं नाव, शिकवणाऱ्याचं नाव, सरावाचं साप्ताहिक वेळापत्रक आणि वरच्या-खालच्या दोन रहिवाशांची सही."

मोजणीदाराला खालची सही कोणाची ते माहीत होतं. तो पंपाच्या चौकोनाकडे बघत राहिला. सेक्रेटरीने ओळखलं. "पंपाला नळजोडणीचा नकाशा लागेल."

"नकाशा मी काढू शकतो," मोजणीदार आशेने म्हणाला.

"नळ असावा लागतो, साहेब."

उरला व्यायाम. मोजणीदाराने व्यायामाच्या चौकोनात खूण केली. त्यासाठी डॉक्टरांचा दाखला हवा होता, की सदर रहिवासी व्यायाम करण्यास सक्षम आहे. आता त्या घटकेला इमारतीत हजर असलेले डॉक्टर एकच. त्यांनी मोजणीदाराला खुर्चीत आडवं केलं, तोंड उघडायला लावलं, आरसा फिरवला आणि आपल्या कागदावर लिहून दिलं : 'यांचे दात व हिरड्या कोणत्याही व्यायामास योग्य आहेत.' खाली सही, शिक्का.

सेक्रेटरीने तो दाखला दोनदा वाचला. शिक्का ठळक होता. "ठीक आहे," तो म्हणाला. "पण यंत्राचा वापर होतो की नाही हे मी एकदा येऊन बघणार. मागे एकाने व्यायामाचं यंत्र म्हणून नेलं आणि त्याच्यावर कपडे वाळत घातले."

पेटी वर गेली. रविवारला चार दिवस राहिले होते. मोजणीदाराने ती टीव्हीशेजारी ठेवली, वायर जोडली, गाणं लावलं. आणि काय सांगू, सोफ्यावर काहीच नाही, फ्रीजपाशी मात्र असा घुमारा की आतल्या बाटल्या एकमेकींशी बोलायला लागल्या. कोपऱ्यात ठेवली तर सगळ्या घरात एकच गुरगुर. गाणं राहिलं बाजूला, पोट बिघडल्यासारखं वाटावं. बायकोने खिडकीतून खाली विटांकडे बघितलं. त्या दिवशी गवंडीही सहज म्हणून येऊन प्लॅस्टिक झटकून गेला होता.

मोजणीदाराने दुकानदाराला फोन केला.

"सोपं आहे," दुकानदार म्हणाला. "सबवूफर उचला आणि तुम्ही बसता त्या जागेवर ठेवा."

"सोफ्यावर?"

"सोफ्यावर. एखादं जाड आवाजाचं वाद्य लावून द्या. मग तुम्ही खाली उतरा आणि घरभर रांगा."

"काय करा?"

"रांगा, साहेब. गुडघ्यांवर. कान पेटीच्या उंचीला आला पाहिजे. जिथे आवाज स्वच्छ आणि भरदार लागेल, ती सबवूफरची जागा. सगळे जाणकार असंच करतात."

मोजणीदाराने फोन ठेवला आणि बराच वेळ आपल्या गुडघ्यांकडे बघितलं. एकसष्टाव्या वर्षी माणसाने रांगावं का, हा प्रश्न त्याने दोन्ही बाजूंनी तपासला. पण मोजणी ती मोजणी. आणि एकदा मोजणी म्हटल्यावर नुसतं रांगणं त्याच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. त्याने खडू घेतला आणि एकतीस बाय एकोणीस फुटांच्या फरशीवर दोन-दोन फुटांचे चौकोन आखले. आडव्या ओळींना अक्षरं, उभ्या ओळींना आकडे. बायकोने विचारलं, हे कोण पुसणार. तो म्हणाला, हद्दीच्या खुणा पुसायच्या नसतात.

मग दोघांनी मिळून सबवूफर उचलून सोफ्यावर, त्याच्या नेहमीच्या जागी बसवला. मागे उशी दिली, म्हणजे कलंडू नये. तो तिथे असा ऐसपैस बसला की पहिल्यांदाच घरात कोणी वजनदार पाहुणा आल्यासारखा दिसला. बायकोने त्याच्यासमोरच्या टीपॉयवरचा पसाराही आवरला. नवऱ्यासाठी तिने तो कधी आवरला नव्हता.

दुपारी चार वाजता मोजणीदार ए-एक या चौकोनापासून रांगायला लागला. कानाला पेन्सिल, दातांत वही. तिसऱ्या ओळीपर्यंत माझे गुडघे... मोजणीदाराचे गुडघे काम करेनासे झाले. तेवढ्यात दातांचे डॉक्टर, दुपारच्या पेशंटने दांडी मारली म्हणून, डोकावले.

"हे काय?"

"मोजणी. खाली या. टेबलाखाली काय ऐकू येतं सांगा."

डॉक्टर खाली आले आणि टेबलाखाली शिरले. आतून त्यांचा आवाज आला, "अप्रतिम! ह्या ई-पाचमध्ये अप्रतिम आहे. पण इथे कोणीतरी च्युइंग गम चिकटवलंय."

पाच मिनिटांत मुख्याध्यापिका काठी आपटत वर आल्या. त्यांचं कपाट हललं नव्हतं, पण छतावर कोणीतरी गुडघ्यांवर चालतंय असं त्यांना खालून स्पष्ट कळलं होतं. दारातून त्यांनी दोन प्रौढ पुरुषांना जमिनीवर बघितलं, सोफ्यावरच्या पेटीला बघितलं, आणि वर्गात शिरावं तशा आत आल्या.

"वही इकडे द्या," त्या म्हणाल्या. "तुमचं अक्षर वाचवत नाही. प्रत्येक चौकोनाला दहापैकी गुण द्यायचे. डॉक्टर, तुम्ही उदार झालाय, ई-पाचला नऊ कसे देता? मी स्वतः ऐकल्याशिवाय उत्तरपत्रिका पास करत नाही." आणि काठी दाराला टेकवून त्याही खाली बसल्या. रांगायला नको म्हणून त्यांनी बसल्या-बसल्या पुढे सरकायची पद्धत काढली. ती जास्त वेगवान निघाली.

तर असे हे तिघं तीन दिशांना, बायको ओट्याशी कांदा चिरत मधूनमधून "एफ-दोनमध्ये माझं सुपलं आहे, त्याच्यावर बसू नका," असं सांगतेय, सोफ्यावर सबवूफर तक्क्याला टेकून धीरगंभीर आवाज काढतोय. आणि उघड्या दारात सेक्रेटरी येऊन उभा राहिला.

घरात जो सन्नाटा पसरला तो एकट्या सबवूफरने मोडला. त्याला सेक्रेटरी माहीत नव्हता.

सेक्रेटरीने चष्मा वर केला. फॉर्म काढला. "यंत्र हेच?"

"हेच," मोजणीदार जमिनीवरून म्हणाला.

"एका वेळी किती जण वापरतात?"

"सध्या तीन."

सेक्रेटरीने मुख्याध्यापिकांकडे बघितलं. त्यांना घाम फुटलेला होता. डॉक्टर धापा टाकत होते. त्याने फॉर्मवर लिहिलं, मोठ्याने उच्चारत लिहिलं : 'यंत्र सोफ्यावर बसून हुकूम सोडते, व्यायाम रहिवासी करतात. वापर समाधानकारक.' मग फॉर्म घडी करून खिशात ठेवला, जरा घुटमळला, आणि आजूबाजूला बघत म्हणाला, "कंबरेलाही बरं असतं का हो हे?"

त्याला ए-आठपासून सुरुवात करायला सांगितलं.

सहाला निकाल लागला. मुख्याध्यापिकांनी बेरजा केल्या, दोनदा तपासल्या आणि जाहीर केलं, "एच-चार. साडेनऊ गुण. बाकीचे सगळे नापास, फक्त ई-पाच काठावर."

एच-चार म्हणजे कुठे ते बघायला सगळ्यांनी माना वळवल्या. एच-चारमध्ये मोजणीदाराची बायको उभी होती. सिंकच्या डावीकडे, ओट्याला चिकटून, जिथे ती गेली सत्तावीस वर्षं उभी राहत होती, नेमका तो चौकोन.

"हे माझं आहे," ती म्हणाली, हातात चाकू तसाच.

मोजणीदार चौतीस वर्षं हेच वाक्य लोकांच्या तोंडून ऐकत आला होता. अशा वेळी तो नकाशा उघडून दाखवत असे. या वेळी त्याला कळलं की त्याच्या नकाशात स्वयंपाकघर असं काही लिहिलेलंच नव्हतं. सगळं मिळून एकच क्षेत्र दाखवलं होतं. ज्याने हद्दच पुसून टाकली, त्याने हद्दीचा दावा कोणत्या तोंडाने करायचा?

"दोन फूट बाय दोन फूट," तो अजिजीने म्हणाला. "तू इंचभर उजवीकडे सरकलीस तर..."

"सरकते. पण पेटी माझ्या जागेत राहणार, तर तिचं बटण माझ्या हातात राहणार. आवाज किती, कधी आणि कोणाचा, हे मी ठरवणार. आणि हे लेखी."

मोजणीदाराने मुख्याध्यापिकांच्या देखत सही केली. सेक्रेटरीने साक्षीदार म्हणून केली. त्याला सही करायला आवडायचं. गुडघे चोळत सगळे घरी गेले आणि सबवूफर एच-चारमध्ये गेला.

("पंप जोरात चाललाय हो," चष्मेवाल्या बाई म्हणाल्या. धुम्म, धुम्म, आणि मध्ये एक लांबलेलं गुंजन. "टाकी मोठी आहे," काका म्हणाले आणि भिंतीला जरा घट्ट टेकले. "आता रविवार ऐका. इथेच लोक उठून जातात.")

रविवारी मेहुणा आला. जेवण आटोपलं. मोजणीदार सोफ्यावर बसला, बायको सिंकपाशी, मेहुणा बरोबर मध्ये, हाताची घडी घालून. बायकोने बटण फिरवलं.

पहिला सूर निघाला तसं भिंतीवरचं अकरा वर्षं बंद पडलेलं घड्याळ चालायला लागलं. तेही मागची अकरा वर्षं भरून काढत योग्य वेळेवर आलं. समोर डॉक्टर रविवार असूनही एका अडलेल्या पेशंटचा दात उपटत होते. पक्कड लावायच्या आत दात आपणहून बाहेर येऊन ताटलीत पडला, आणि पेशंट थँक्यू म्हणाला ते सबवूफरच्या दिशेला तोंड करून. खाली मुख्याध्यापिकांच्या कपाटातले ग्लास हलले नाहीत, पण गाण्यातली जागा आली की साथीला बारीक किणकिणले, आणि मुख्याध्यापिकांनी त्यांना आयुष्यात पहिल्यांदा न रागावता बोलू दिलं. आवाज सोफ्यावर आणि सिंकपाशी इतका सारखा, इतका सारखा, की मोजणीदाराने टेप काढून मोजला असता तर फरक सुताएवढाही निघाला नसता.

मेहुण्याच्या हाताची घडी सुटली. "भावोजी," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज कापत होता, "मी हरलो. एकच पेटी पुरते. दोनाचं माझं चुकलं."

आणि बायको? बायकोने हात पुसले, पदराने डोळे पुसले, आणि म्हणाली, "राहू दे हे असंच मोकळं. भिंत नको मला." सोमवारी सकाळी गवंडी आला, त्याने बिचाऱ्याने निमूट विटा गाडीत भरल्या आणि निघून गेला. म्हणाला, तीन महिन्यांत परत न बोलावणारा माणूस आयुष्यात पहिल्यांदा बघितला.

काका बोलता-बोलता उठले होते. "तेव्हापासून आजतागायत," ते म्हणाले, आणि बाईंकडे पाठ करून दोन्ही हात फाकवून त्यांनी त्या मित्राच्या घराचा विस्तार दाखवला, "या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मोकळं! एकतीस फूट! चौतीस वर्षांत मोजणीदाराची एकही हद्द..."

चष्मेवाल्या बाई दिवसभर लोकांना लांबची बारीक अक्षरं वाचायला लावत. जवळचं ठसठशीत वाचायला त्यांना वेळ लागला नाही. त्या शांतपणे खुर्चीतून उठल्या, भिंतीवरून बोट फिरवलं, बोट उजेडात धरलं.

"काका," त्या म्हणाल्या, "तुमच्या शर्टाच्या पाठीवर या खांद्यापासून त्या खांद्यापर्यंत पांढरी पुट्टी लागलीय. मी राहायला आले त्या दिवशी तुमच्याच दारातून गवंडी घमेलं घेऊन बाहेर पडत होता. आणि पलीकडचा तो पंप मघापासून तालात गातोय. सबवूफर तुम्ही फार चांगला निवडलात हो, पण भिंत परत उठली तेव्हा तो काकूंच्या हद्दीत राहिला ना?"